ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस

वाचकांचे प्रश्न : बंदुकीचं वंगण

या वेळी फक्त वंगणाचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं परवान्याच्या शस्त्रांपुरती आहेत. हात लावण्याआधी बंदूक उघडून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी रिकामे पाहावेत, बोटानेही चाचपावेत आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. खालच्या प्रत्येक उत्तरात हे झालेलं आहे असं धरलं आहे.

प्रश्न : वडिलांची बारा बोरची दुनळी परवान्यासह माझ्या नावावर झाली. ट्रॅक्टरसाठी आणलेला एपी-३ ग्रीसचा डबा घरात होता, तेच सगळीकडे लावलं. दिवाळीनंतर थंडी पडली तशी बंदूक उघडायला जड जायलीय. उजव्या नळीचं काडतूस दोनदा फुटलं नाही, टोपीवर पिनेचा ठसा उथळ दिसतो. ग्रीस चुकलं का?
— वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : ग्रीस थोडं चुकलं, जागा जास्त चुकल्या, आणि प्रमाण तर फारच चुकलं.

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. स्पंजात पाणी राहावं तसं लिथियम किंवा कॅल्शियमच्या साबणाच्या जाळीत तेल राहतं आणि दाब पडला की थोडं थोडं बाहेर येतं. वंगणाचं काम ते तेल करतं, साबण फक्त त्याला जागेवर धरतो. त्यामुळे जिथे दोन भाग दाबाखाली, हळू आणि थोडेच घासतात आणि तेल ओघळून जातं, तिथे ग्रीस हवं. जिथे भाग चटकन आणि हलका हलायला हवा, तिथे ग्रीस म्हणजे चिखलातलं चाक. काडतुसाच्या टोपीवर आपटणारी फायरिंग पिन ही दुसऱ्या जातीची. पिनेच्या भोकात ग्रीस गेलं, त्यात काजळी मिसळली आणि वर डिसेंबरची थंडी आली की पिनेचा जोर त्या लगद्यातच मुरतो. तुमच्या काडतुसावरचा उथळ ठसा बहुधा त्याचाच आहे. पिनेवर आपटणाऱ्या हॅमरची स्प्रिंग थकली असेल तरी ठसा असाच दिसतो. पण ते साफ केल्यावर कळेल, आधी नाही.

आता घट्टपणा. ग्रीसच्या डब्यावर एनएलजीआयचा (ग्रीसचे दर्जे ठरवणाऱ्या संस्थेचा) नंबर असतो. २५ अंश सेल्सियसला ठरावीक वजनाचा शंकू ग्रीसमध्ये किती रुततो, यावर तो ठरतो. ३ नंबरात शंकू २२ ते २५ मिलिमीटर जातो, २ नंबरात २६.५ ते २९.५, १ नंबरात ३१ ते ३४. म्हणजे नंबर जितका मोठा, तितकं ग्रीस घट्ट. एपी-३ मधला ३ हाच. बेअरिंगमध्ये, जिथे ग्रीसने बसून राहायचं असतं, तिथे तो ठीक. बंदुकीच्या बिजागरीला १ किंवा २ नंबर पुरतो. थंडीतही सकाळी उघडझाप करावी लागत असेल तर १ घ्या. साबण लिथियमचा किंवा लिथियम कॉम्प्लेक्सचा असावा. कॅल्शियम सल्फोनेटचं मिळालं तर उत्तम, ते पाण्याला आणि गंजाला चांगलं तोंड देतं. सोडियमचं मात्र नको, ते पाण्यात विरघळतं.

दुकानदार ‘हाय टेम्परेचर’ म्हणून महाग डबा पुढे करील. साध्या लिथियम ग्रीसचा ड्रॉप पॉइंट, म्हणजे ग्रीस वितळून थेंब पडू लागतो ते तापमान, १८० अंशांच्या आसपास असतो. बंदुकीची बिजागरी मे महिन्यात जीपमध्ये तापली तरी त्याच्या निम्म्यावर जात नाही. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. रंगालाही भुलू नका. निळा, लाल, हिरवा हे नुसते रंग असतात.

साफसफाई अशी करा. पुढचं लाकूड काढा, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. जुन्या टूथब्रशला रॉकेल लावून दिसतं तेवढं ग्रीस धुऊन काढा. पेट्रोल वापरू नका. घरात त्याची वाफ साचते आणि एक ठिणगी पुरते. फायरिंग पिनेच्या भोकांसाठी ॲक्शनचं (दस्त्याला जोडलेल्या, पिना असलेल्या लोखंडी भागाचं) तोंड खाली धरा, म्हणजे रॉकेल लाकडात न जाता बाहेर पडेल. दोन-तीन थेंब सोडा, मिनिटभर थांबा, चिंधी दाबून टिपा. चिंधीवर काळं येणं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. बाजूच्या प्लेटा उघडू नका. त्यांचे स्क्रू अगदी बारीक खाचेचे असतात, साध्या पेचकसाने खाच फाटते. एवढं करूनही ठसा उथळच राहिला तर परवानाधारक गनस्मिथकडे न्या. १९५९च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे बंदूक देणं तुमच्याच अंगावर येईल.

रॉकेल पूर्ण पुसून तासभर वाळू द्या. मग दात कोरायच्या काडीने ग्रीस लावा. नळ्यांच्या खालच्या हुकाची जी अर्धगोल खाच बिजागरीच्या खिळीवर बसते, तिथे मुगाच्या दाण्याएवढं. हुकाच्या दोन्ही बाजूंना आणि खालच्या बोल्टच्या खाचांना ज्वारीच्या दाण्याएवढं, तेही बोटाने पसरून. पुढच्या लाकडाचं लोखंडी तोंड जिथे ॲक्शनवर फिरतं तिथे तेवढंच. काडतूस बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्याला नुसता हात फिरवा. संपलं. ट्रिगर, सेफ्टी आणि वरची किल्ली यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, सुईच्या टोकाने. फायरिंग पिनेला काहीच नाही.

नंतर बंदूक दहा वेळा उघडा-मिटा. बाहेर आलेली रेघ पुसा. दुसऱ्या दहा वेळांनंतरही रेघ आली तर ग्रीस अजून जास्त आहे. हा हट्ट एवढ्यासाठी की आपल्याकडे धूळ फार. काळ्या रानाची माती, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, कापसाची तूस, सगळं उघड्या ग्रीसवर चिकटतं. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट म्हणजे तरी काय, ग्रीसमध्ये कालवलेली खरखरीत भुकटीच. ती पेस्ट आपण बिजागरीत आपल्या हाताने तयार करतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी, आणि मळणीच्या दिवसांत बंदूक बाहेर निघाली असेल तर त्याच आठवड्यात, जुनं ग्रीस पुसून नवं लावा. जुन्यावर नवं थापू नका. दोन जातींचे साबण एकमेकांत मिसळले की पुष्कळदा ग्रीस पातळ होऊन ओघळतं.

प्रश्न : आमची दुनळी मिटल्यावर किंचित खडखडायची. जरा घट्ट ग्रीस लावल्यावर आवाज बंद झाला. आता चालेल ना?
— वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : नाही. आवाज बंद झाला, झीज तशीच आहे. सगळं ग्रीस धुऊन काढा, पुढचं लाकूड उतरवा, बंदूक मुठीला धरून हलक्या हाताने हलवा. खडखड ऐकू आली, किंवा नळ्यांचं मागचं तोंड आणि ॲक्शनचा उभा पाट यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर बिजागरी झिजली आहे. काडतुसाच्या बुडाला आधार उरत नाही. गनस्मिथने पाहीपर्यंत ही बंदूक झाडू नका.

प्रश्न : आजोबा बंदुकीला करडईचं तेल लावायचे, मामांच्या घरी खोबरेल लावतात. विकतच्या तेलापेक्षा घरचं शुद्ध असतं असं घरात सगळे म्हणतात. आम्ही काय लावावं?
— वाचक, वडवणी (जि. बीड)

उत्तर : शुद्ध असतं, यात शंका नाही, पण ते खाण्यासाठी शुद्ध.

करडईचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. त्याचा पातळ थर आधी चिकट आणि मग पिवळट पापुद्र्यासारखा बनतो. म्हणूनच ते रंगांतही वापरतात. कढईच्या बाहेरच्या बाजूला जो तेलकट चिकटा बसतो आणि राखेनेही निघत नाही, तोच ट्रिगरच्या खाचेत बसतो. शेंगदाण्याचं तेल इतकं वाळत नाही, पण खवट होतं आणि त्यातली आम्लं पोलादाला खातात.

खोबरेलाची अडचण वेगळी. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीतल्या पहाटे बाटलीतलं खोबरेल उन्हात ठेवल्याशिवाय निघत नाही, हे प्रत्येक घराला माहीत आहे. ट्रिगरच्या आतलंही तसंच गोठतं.

एक तेल मात्र घरचं चालतं, जवसाचं, आणि तेही लोखंडाला नाही, दस्त्याच्या लाकडाला. ते करडईपेक्षाही लवकर वाळतं आणि लाकडात हाच गुण कामाचा आहे. तळहातावर चार-पाच थेंब घ्या, लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने जादा तेल पुसा, दोन दिवस सुकू द्या. असे तीन हात पुरतात. त्या तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना जवसाचं तेल उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. उन्हात एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

लोखंडासाठी शिलाई मशीनचं पांढरं तेल किंवा तयार गन ऑइल वापरा. ट्रॅक्टरमधून काढलेलं जुनं इंजिन ऑइल नको. त्यात काजळी, आम्ल आणि झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो. गंज सोडवणारा स्प्रे ओलावा हटवायला चांगला, पण त्यातला द्रावक उडून गेल्यावर मागे उरणारा थर अगदी पातळ असतो. त्याला वंगण समजू नका. आणि तो काडतुसांजवळ मारू नका. टोपीच्या कडेतून आत झिरपला तर काडतूस मरतं.

प्रश्न : आचारसंहितेत बंदूक जमा करावी लागली. दोन-अडीच महिन्यांनी परत मिळाली तेव्हा नळीवर गंजाचे ठिपके होते आणि बिजागरीतलं ग्रीस मेणासारखं झालं होतं. जमा करताना जाड थर देऊन वर स्पंजाचं कव्हर घातलं होतं. काय चुकलं?
— वाचक, निलंगा (जि. लातूर)

उत्तर : घासणाऱ्या भागांचं ग्रीस आणि साठवणीचा लेप ही दोन वेगळी कामं आहेत. साध्या ग्रीसमध्ये गंजरोधक घटक असतोच असं नाही. जाड थर दिला म्हणून जास्त राखण होते असंही नाही. थराखाली घामाचा ठसा किंवा ओलावा राहिला तर तो तिथेच कोंडला जातो. ठिपके बहुतेकदा बोटांच्या ठशांच्या जागी उठतात, कारण घामात मीठ असतं. नीट पाहा, ठिपक्यांचा आकार अंगठ्याएवढा आहे का. कव्हरचा स्पंज पावसाळी हवेत ओलावा धरतो आणि नळीला लावून ठेवतो. चामड्याच्या कव्हराचंही तेच, त्यात कातडं कमावतानाचे क्षारही असतात. कव्हर प्रवासापुरतं वापरा, साठवणीला नाही.

ग्रीस मेणासारखं झालं ते त्यातलं तेल गळून गेल्यामुळे. नवीन डबा घेतला की ही परीक्षा करून पाहा. वर्तमानपत्राच्या कागदावर हरभऱ्याएवढा गोळा ठेवा आणि दिवसभर उन्हात राहू द्या. सगळ्याच ग्रीसभोवती तेलाचं थोडं वर्तुळ उमटतं. पण वर्तुळ तळहाताएवढं पसरलं आणि मधला गोळा सुकून भेगाळला तर ते ग्रीस साठवणीच्या कामाचं नाही. दुसरी परीक्षा हातावर होते. वाटाण्याएवढं ग्रीस आणि चार थेंब पाणी तळहातावर मिनिटभर चोळा. दुधासारखा फेस झाला तर ग्रीस पाण्याला हार मानणारं आहे, पावसाळ्यात नको.

पुढच्या वेळी नोटीस आली की आदल्या दिवशीच बसा, ठाण्यात जायच्या घाईत नाही. नळी आतून ब्रशने साफ करून, तेलाची चिंधी फिरवून पातळ थर द्या. बाहेरून कोरड्या सुती कापडाने पुसा आणि त्यानंतर उघड्या हाताने धातूला शिवू नका. मग गंजरोधक तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा, बोटाने ओढल्यावर रेघ दिसेल इतकाच थर द्या. पेट्रोलियम जेली उन्हाळ्यात पत्र्याखाली वितळते. त्यामुळे एप्रिल-मेची निवडणूक असेल तर गंजरोधक तेलच बरं. वरून व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) गुंडाळा. यंत्रांचे सुटे भाग याच कागदात येतात, ऑटो पार्ट्सवाल्याकडे विचारा. तो नसेल तर मेणकागद.

नळीच्या तोंडात ग्रीसचा बूच कधीही भरू नका. तीन महिन्यांनी तो कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि त्यावर गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. उलट ट्रिगर गार्डला जाड कागदाची चिठ्ठी बांधा : ‘नळीत तेल आहे, आधी पुसा.’ पावतीवर बंदुकीचा नंबर आणि अवस्था लिहून घ्या. आणि शक्य असेल तिथे नळीचं तोंड खाली करून उभी ठेवायला सांगा. तोंड वर असलं की तेल हळूहळू ॲक्शनमधून दस्त्याच्या मानेत उतरतं, लाकूड मऊ पडतं आणि तिथेच चीर जाते. जुन्या दुनळ्यांच्या मानेजवळ जो काळपट डाग दिसतो, तो अशाच उतरलेल्या तेलाचा असतो.

आताचे ठिपके काढायला तेलात भिजवलेली ०००० नंबरची स्टील वूल घ्या आणि नळीच्या लांबीच्या दिशेने हलकी फिरवा. गोल फिरवू नका. हट्टी ठिपक्याला तांब्याच्या जाड तारेचं चपटं केलेलं टोक वापरा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि ओरखडा पडत नाही. सँडपेपरने मात्र गंजाबरोबर नळीचा काळा मुलामाही जाईल.

प्रश्न : बँकेत सुरक्षारक्षक आहे. पंप ॲक्शन बंदुकीला काळं ग्रॅफाइट ग्रीस लावावं का?
— वाचक, नांदेड

उत्तर : बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर नको. ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलावा आला की ॲल्युमिनियम पोखरलं जातं. काळंच हवं असेल तर मोलिब्डेनमचं, २ नंबरचं, पंपाच्या दोन्ही पट्ट्यांना आणि बोल्ट सरकतो त्या खाचांना बोटाने पुसटसं लावा. मॅगझिनची नळी आतून कोरडी ठेवा. दारात दिवसभर बंदूक धरून उभं राहणाऱ्याच्या बाबतीत आठवड्याला पुसणं हेच अर्धं वंगण.

प्रश्न : .३१५ रायफलीत काडतूस अडकत जातं. काडतुसाला किंचित ग्रीस लावलं तर सहज बसतं आणि सहज निघतं. हे चालेल का?
— वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)

उत्तर : आजपासून बंद करा. झाडताना काडतुसाचं पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं आणि मागे ढकलणाऱ्या जोराचा काही भाग त्या भिंती पेलतात. मध्ये ग्रीस आलं की पकड सुटते आणि जवळजवळ सगळा जोर चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टवर आणि त्याला अडकवून ठेवणाऱ्या लगवर (दात्यांवर) येतो. चेंबर आणि काडतूस नेहमी कोरडं हवं. अडकण्याचं कारण चेंबरमधली जुनी घाण किंवा गंज असेल. चेंबरच्या ब्रशने साफ करा, टॉर्चने पाहा, खड्डे दिसले तर गनस्मिथ. ग्रीस लावायचंच तर बोल्टच्या लॉकिंग लगच्या मागच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढं लावा. तिथे पोलादावर पोलाद दाबाखाली घासतं.

प्रश्न : माझी स्प्रिंगची एअर रायफल आहे. सिलिंडरमध्ये सायकलचं तेल सोडल्यापासून बार मोठा होतो, धूर येतो आणि छर्रा जोरात जातो. मित्र म्हणतात रायफल सुधारली. क्लबातल्या दादांनी मात्र ओरडून बंद करायला लावलं.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दादांचं ऐक. पिस्टन हवा इतक्या वेगाने दाबतो की ती क्षणभर भयंकर तापते आणि त्यात तेलाची वाफ पेटते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं. त्याचा मार पिस्टनच्या सीलवर, स्प्रिंगवर आणि नेमावर बसतो. शिवाय .१७७ बोरच्या आतल्या एअर रायफलीलाही ऊर्जा २० जूलवर गेली की परवाना लागतो, तेव्हा ‘जोर वाढला’ हे कौतुकाने सांगू नकोस. पिस्टनच्या पुढे पेट्रोलियम तेल किंवा ग्रीस अजिबात नको. मोलिब्डेनमचा पुसट हात फक्त पिस्टनच्या मागच्या कडेला आणि स्प्रिंगच्या वाटेला दे.

सिलिंडरमध्ये हवा भरून वापरायची रायफल असेल तर नायट्राइल रबरच्या ओ-रिंगला शुद्ध सिलिकॉन ग्रीस लाव, बोटावर चमक दिसेल इतकंच. तेच सिलिकॉन ग्रीस धातूवर धातू घासतो तिथे मात्र वापरू नकोस. तिथे ते टिकत नाही.

प्रश्न : पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. ग्रीस लावलेली नळी दोन बारांत डांबरासारखी होते आणि गज अडकतो.
— वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : काळी दारू आणि खनिज तेलाचं ग्रीस यांचं जमत नाही. जळून तोच डांबरासारखा लगदा उरतो. काळ्या दारूला मेण आणि चरबी यांचा लेप लागतो. मधमाशांचं मेण आणि बकऱ्याची गाळलेली चरबी समभाग घ्या, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, सरळ आचेवर नको. चरबी बिनमिठाची हवी. हिवाळ्यात घट्ट वाटला तर मेण थोडं कमी करा. लेप गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीला लावायचा. दारूला लागू द्यायचा नाही, दारू मरते.

दारूची राख हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे त्याच संध्याकाळी नळी धुवावी लागते, दुसऱ्या दिवशी नाही. कढत पाणी आणि साबण आत ओता, गजाला चिंधी बांधून वरखाली करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग नुसतं कढत पाणी, म्हणजे नळी तापून लवकर वाळते. वाळल्याची खात्री झाल्यावर तेलाचा पातळ हात. बार भरण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने पुसा आणि टोपी बसते ती निपल सुईने मोकळी आहे का पाहा. तेलाने बुजलेली निपल असली की टोपी फुटते पण बार होत नाही. असं झालं तर तोंड सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबा, मगच बंदूक खाली घ्या.